पाचशे मीटर उतार आणि चार ड्रम

खंडाळ्यापासून खोपोलीपर्यंत जुना बोरघाट साधारण ५०० मीटर खाली येतो. प्रीमियर पद्मिनीचं वजन सुमारे ९०० किलो. तिच्यात चार माणसं आणि त्यांचं सामान धरलं की १,२०० किलो. एवढं वजन एवढ्या उंचीवरून खाली आणायचं, आणि खाली पोचल्यावर वेग मात्र वर होता तेवढाच ठेवायचा. मग मधली सुमारे ५९ लाख ज्यूल ऊर्जा कुठे जाते? तेवढ्या ऊर्जेत २० लिटर पाणी ३० अंशांपासून उकळीपर्यंत नेता येतं. सपाट रस्त्यावर ताशी ६० किलोमीटर वेगातून ही गाडी पूर्ण थांबवायला १ लाख ६७ हजार ज्यूल जिरवावे लागतात. म्हणजे एकदा घाट उतरणं हे साठच्या वेगातून लागोपाठ ३५ वेळा थांबण्याएवढं काम आहे. यातला काही वाटा टायर रस्त्यावर घासताना जातो, काही हवा कापताना जातो. उरलेल्याचे धनी दोघेच, इंजिन आणि ब्रेक.

याच उतारावर दुसरंही एक यंत्र १९१५ पासून हेच गणित उलट्या हेतूने सोडवतं आहे. टाटांचं खोपोलीचं वीजघर. वळवण, लोणावळा, शिरवटा या तलावांचं पाणी डोंगरावरून नळांतून खाली येतं, आणि उंचीतली ऊर्जा विजेच्या रूपात मुंबईकडे जाते. पाण्याच्या उंचीची वीज झाली, पद्मिनीच्या उंचीची मात्र नुसती उष्णता होते. विजेवर चालणारी आजची गाडी उतारावर आपल्या मोटरचंच जनित्र करून यातला बराच भाग बॅटरीत परत घेते. जुन्या गाडीला ती सोय नाही. तिला सगळं हवेतच सोडावं लागतं. म्हणून जुन्या गाडीचा ब्रेक समजून घ्यायचा असेल, तर ‘गाडी थांबते कशी’ यापेक्षा ‘उष्णता जाते कुठे’ हा प्रश्न मला जास्त कामाचा वाटतो. सुधारणा करतानाही तोच प्रश्न हाताशी ठेवावा.

पनवेलकरांना हा प्रश्न टाळता येत नाही. पळस्पे फाटा ओलांडून शेडुंग, चौक, खालापूर करत जुन्या रस्त्याने निघालं की समोर बोरघाट उभा असतो. गोव्याच्या बाजूला वळलं तर कर्नाळ्याची खिंड. द्रुतगती मार्गाची सुरुवातही इथेच, कळंबोलीला. जुनी गाडी हौसेने सांभाळणारा माणूस रविवारी ती बाहेर काढतो, तेव्हा त्याचा पहिला लांबचा फेरा बहुधा लोणावळ्याचा असतो. चढताना परीक्षा रेडिएटरची, उतरताना ब्रेकची.

गाडीही इथून फार लांबची नाही. वालचंद हिराचंद हे सोलापूरचे. त्यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ मध्ये स्थापन झाली आणि कुर्ल्याच्या कारखान्यात सुरुवातीला क्रायस्लर कंपनीच्या डॉज, डिसोटो, प्लायमाउथ या गाड्या जुळवल्या गेल्या. मग इटलीच्या फियाटशी करार झाला. १९५० च्या दशकातली गोल पाठीची, लोकांच्या तोंडी ‘डुक्कर फियाट’ झालेली ११०० आली. १९६४ मध्ये चौकोनी अंगाची ११००-डी आली, आणि १९७४ च्या सुमारास तिचंच नाव प्रीमियर पद्मिनी झालं. १,०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगखालचा गिअर आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक. काळी-पिवळी होऊन तिने मुंबई वाहिली. २००३ च्या ऑक्टोबरात नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची २० वर्षांची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरअखेर संपली, आणि टॅक्सी म्हणून ती रस्त्यावरून गेली. खासगी पद्मिनी अजून आहेत. पनवेलच्या एमएच-४६ पट्टीतली नसेल, तरी एमएच-०४, एमएच-०६ किंवा त्याआधीच्या तीन अक्षरी नंबराची एखादी फियाट या भागात ताडपत्रीखाली सापडते.

आता पायाखाली काय घडतं ते पाहू. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत. गाडीगणिक ते थोडे बदलतील. तुम्ही ब्रेकवर २० किलोचा जोर दिला. पेडल ही एक तरफ आहे. त्याचं प्रमाण पाचास एक धरलं, तर मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर १०० किलो जोर पोचला. हा दट्ट्या १९ मिलिमीटर व्यासाचा असेल तर त्याचं क्षेत्रफळ अवघं २.८४ चौरस सेंटिमीटर. १०० किलो एवढ्याशा जागेत दाबले की पाइपांतल्या ब्रेक ऑइलचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ३५ किलोपर्यंत जातो. टायरमध्ये आपण भरतो त्या हवेच्या सतरा-अठरा पट. हा दाब बारीक पाइपांतून चारही चाकांकडे त्याच क्षणी, तेवढाच पोचतो. चाकातल्या सिलिंडरचा दट्ट्या एक इंची असेल तर त्याचं क्षेत्रफळ ५ चौरस सेंटिमीटरच्या थोडं वर, म्हणजे ड्रमला आतून घासणाऱ्या प्रत्येक अर्धगोल शूवर सुमारे १७८ किलोंचा रेटा. असे आठ शू. २० किलोंचे जवळजवळ १,४०० झाले, आणि मध्ये ना मोटर, ना इंजिनाची मदत.

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पसरतो, हे ब्लेझ पास्कलने सांगितलं. त्याचा द्रवांवरचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ मध्ये छापला गेला. तो नियम मोटारीच्या चाकापर्यंत यायला आणखी अडीचशे वर्षं लागली. तोवर ब्रेक सळ्यांनी आणि तारांनी ओढले जात. चार चाकांच्या चार तारा अगदी सारख्या ताणलेल्या ठेवणं जवळजवळ अशक्य, त्यामुळे ब्रेक लावला की गाडी एका अंगाला ओढे. अमेरिकेत माल्कम लॉकहीडने १९१७ मध्ये द्रवाच्या ब्रेकचं पेटंट घेतलं; १९२१ च्या ड्यूसेनबर्ग गाडीत चारही चाकांना तो बसला. सुरुवातीला कातडी कप गळायचे. क्रायस्लरच्या अभियंत्यांनी तिथे रबरी कप आणले आणि १९२४ च्या क्रायस्लर गाडीत ही पद्धत सर्वसामान्य ग्राहकाच्या आवाक्यात आली. आज मास्टर सिलिंडरचं किट आणलं की डबीतून निघतात ते रबरी कप त्याच वंशातले.

पण निसर्ग फुकट काही देत नाही. जोर वाढला तेवढं अंतर कमी झालं. हे अंतराचं गणित एकदा नीट करून पाहावं, कारण जुन्या गाडीच्या ब्रेकबद्दलच्या निम्म्या तक्रारी त्यातून उलगडतात. आठ दट्ट्यांनी प्रत्येकी फक्त १ मिलिमीटर सरकायचं ठरवलं, तर त्यांना मिळून साधारण ४ घन सेंटिमीटर ऑइल लागतं. ते पुरवायला मास्टर सिलिंडरचा दट्ट्या १४ मिलिमीटर पुढे जायला हवा, आणि त्यासाठी पेडल ७ सेंटिमीटर खाली जातं. शू आणि ड्रम यांच्यातली १ मिलिमीटरची फट तुमच्या पायाखालचे ७ सेंटिमीटर खाऊन टाकते! ‘पेडल फार खाली जातंय’ म्हटल्यावर जाणता मिस्त्री आधी मास्टर सिलिंडर न उघडता चाकं जॅकवर घेऊन शूची सेटिंग करतो, त्यामागे हा एकास सत्तरचा हिशोब आहे.

या सगळ्या यंत्रणेत मला सर्वांत सुंदर वाटतं ते मास्टर सिलिंडरमधलं एक बारीक भोक. पेडल सोडलेलं असताना हे भोक उघडं असतं आणि वरच्या डबीतलं ऑइल आणि चाकांपर्यंतचं ऑइल एकमेकांना जोडलेलं असतं. पेडल दाबलं की रबरी कप पहिल्या मिलिमीटरभरातच या भोकावरून पुढे सरकतो, वाट बंद होते आणि तिथून पुढे दाब तयार होतो. पाय काढला की वाट पुन्हा मोकळी. हे कशासाठी? ब्रेक तापले की ऑइल फुगतं. फुगलेल्या ऑइलला परत डबीत जायला जागा हवी. ती नसेल तर ते ऑइल स्वतःच शू ढकलू लागतं. शू घासतात, आणखी तापतात, ऑइल आणखी फुगतं, आणि दहा-बारा किलोमीटरमध्ये गाडी कुणीही ब्रेक न लावता जाम होऊन उभी राहते. त्यासाठी एवढंच पुरतं की पेडलच्या दांडीला ठेवायची किंचितशी मोकळीक कुणी ‘ब्रेक वरच लागावा’ म्हणून काढून टाकली. कप भोकावरच अडून राहतो. थंड गाडीत काही कळत नाही. टाचणीच्या टोकाएवढ्या भोकावर आख्ख्या गाडीचं चालणं अवलंबून असतं, आणि तो बिघाड दिसतो मात्र चाकात.

ड्रमच्या आतही एक थक्क करणारी युक्ती आहे. अर्धगोल शूचं एक टोक टेकूवर बसलेलं असतं, दुसऱ्या टोकाला सिलिंडर बाहेर ढकलतो. ड्रम ज्या दिशेने फिरतो त्या दिशेला तो शूला सोबत ओढू पाहतो. पुढच्या बाजूच्या शूला या ओढीमुळे टेकूभोवती बाहेरच्या अंगाला वळावं लागतं, म्हणजे तो ड्रमवर आणखी घट्ट बसतो. गाडी थांबवण्याचं थोडं काम गाडीचं फिरणारं चाकच करतं! मागच्या बाजूच्या शूचं नेमकं उलटं होतं. त्याला ड्रम आत ढकलतो आणि त्याची पकड सैल पडते. गाडी रिव्हर्स घेतली की दोघांच्या भूमिका बदलतात. पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नसलेली गाडी पायाच्या जोरावर थांबायची ती या स्वयंमदतीमुळे. पण या मदतीत धोकाही आहे. पकड वाढली की मदत वाढते, पकड घसरली की मदतही घसरते. म्हणून ड्रम ब्रेक बिघडतो तेव्हा हळूहळू बिघडत नाही, एकदम ढासळतो. एका चाकात थोडं ग्रीस किंवा पाणी गेलं तर गाडी जोरात एका बाजूला ओढते तेही यामुळे.

बंदिस्त ड्रम मोटारीत आणला लुई रेनोने, १९०२ मध्ये. गंमत अशी की त्याच वर्षी इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टरने डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं होतं. रस्ते धुळीचे, घासायला तांब्याचं अस्तर, आणि आवाज कानठळ्या बसवणारा. डिस्क मागे पडली आणि पुढची पन्नास वर्षं ड्रमची झाली. १९५३ मध्ये ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीत डनलॉपच्या डिस्क लावलेली जॅग्वार जिंकली, तेव्हा जगाचं लक्ष परत तिकडे गेलं. घासणाऱ्या पदार्थाची कथाही अशीच साधी. फेरोडो कंपनी काढणाऱ्या हर्बर्ट फ्रूडने डर्बीशायरच्या उतारांवर शेतकऱ्यांना गाडीच्या चाकावर जुन्या बुटांचं कातडं दाबून धरताना पाहिलं, असं सांगतात. १८९७ मध्ये त्याने व्यवसाय सुरू केला, आणि पुढे ॲस्बेस्टॉसचं लायनर आलं. ते उष्णतेला दाद देत नसे, म्हणून जगभर पसरलं. त्याचे तंतू फुप्फुसात जाऊन दशकांनी कर्करोग करतात हे उशिरा मान्य झालं. कितीतरी वर्षं उघडलाच नाही असा ड्रम काढाल तेव्हा आतली काळी धूळ काँप्रेसरच्या हवेने उडवू नका, तोंडाने फुंकर तर मुळीच मारू नका. ओल्या फडक्याने पुसून ते फडकं पिशवीत बांधून टाका. गॅरेजात काम करणाऱ्या पोराला हे सांगायला कुणी येत नाही. आपण सांगायचं.

आता पुन्हा घाटात. ओतीव लोखंडाचा ५ किलोचा एक, असे चार ड्रम धरू. सुरुवातीच्या ५९ लाख ज्यूलपैकी निम्मीच ऊर्जा ब्रेकवर आली आणि ती अजिबात बाहेर पडली नाही, तर हे २० किलो लोखंड ३०० अंशांपेक्षा जास्त तापेल. प्रत्यक्षात वारा लागत राहतो म्हणून एवढं होत नाही, पण ड्रमची अडचण अशी की घासायची जागा आत आणि वारा बाहेर. उष्णतेला आख्ख्या लोखंडातून वाट काढावी लागते. शिवाय तापलेला ड्रम फुगतो. २५ सेंटिमीटर व्यासाचा ड्रम २०० अंशांनी तापला की त्याचा व्यास अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्त वाढतो, म्हणजे शूपासून तो चहूबाजूंनी पाव मिलिमीटरवर लांब सरकतो. आपला एकास सत्तरचा हिशोब लावा. पेडल आणखी दोन सेंटिमीटर खाली गेलं. त्यात तापलेल्या लायनरची पकड कमी झालेली असते, आणि पकड कमी झाली की स्वयंमदतही कमी होते. तीन गोष्टी एकाच वेळी एकाच दिशेला. घाटात ‘ब्रेक लागत नाही’ म्हणतात ती ही अवस्था. यात तुटलेलं, फुटलेलं काहीच नसतं. गाडी थंड झाली की ब्रेक पहिल्यासारखा लागतो. म्हणूनच त्यावर विश्वास ठेवणं धोक्याचं.

दुसरा घात ऑइलमध्ये लपलेला असतो, आणि इथे पनवेलच्या हवेचा थेट संबंध येतो. डॉट-३, डॉट-४ ही ब्रेक ऑइलं ग्लायकॉल गटातली असतात आणि ती हवेतली ओल शोषतात. डबीच्या झाकणातून, रबरी होजच्या अंगातून, महिनोन्महिने. नव्या डॉट-३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असावा लागतो, त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की तो १४० पर्यंत आला तरी चालतो. डॉट-४ चे हेच आकडे २३० आणि १५५. चार महिने भिंतींना घाम फुटणाऱ्या आपल्या कोकणपट्टीत ऑइल किती लवकर ओलं होत असेल याचा विचार करा, आणि ताडपत्रीखाली उभ्या गाडीत ते किती वर्षं तसंच असेल याचाही. उकळणाऱ्या ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात. पाण्याची वाफ झाली की ती साध्या दाबाला सोळाशे पटींहून जास्त जागा घेते. द्रव दाबून लहान होत नाही, वाफ होते. मग पेडल दाबलं तर फक्त बुडबुडे चेपतात. पाय जमिनीला टेकतो आणि चाकाला काहीच कळत नाही.

यातली एक गोष्ट अनुभवी चालकांनाही चकवते. ब्रेक लावत असताना सिलिंडरमधलं ऑइल दाबाखाली असतं, आणि दाबाखाली ते उशिरा उकळतं. पाय काढला की दाब जातो. गाडी उभी केली की वाराही जातो, आणि ड्रममधली उष्णता शूमधून, पत्र्यामधून सावकाश सिलिंडरकडे सरकत राहते. त्यामुळे ऑइल उकळण्याची वेळ कधी कधी थांबल्यानंतर काही मिनिटांनी येते. जुन्या घाटात शिंग्रोबाचं देऊळ आहे. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा तो धनगर अशी कथा आहे, आणि १८३० मध्ये गाडीरस्ता झाला तरी वाटेचा मान लोक त्यालाच देतात; चालक तिथे नाणं वाहून पुढे जातात. तिथे थांबायचं तर अवश्य थांबा, पण पुन्हा गाडी सोडण्याआधी जागेवरच पेडल एकदा दाबून पाहा. मऊ लागलं तर आणखी अर्धा तास देवापाशी बसा.

आणि घाट गिअरमध्ये उतरा. ज्या गिअरने चढावं त्यानेच उतरावं, हा जुन्या चालकांचा नियम भौतिकशास्त्राच्या कसोटीवर खरा ठरतो. पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की चाकं इंजिनाला फिरवतात. बंद झडपेमागे हवा ओढताना आणि आतल्या घर्षणात ऊर्जा खर्च होते, आणि ती उष्णता रेडिएटर आणि सायलेन्सर बाहेर टाकतात. उष्णता बाहेर टाकण्यासाठीच बनवलेलं यंत्र हाताशी असताना सगळं ओझं चार बंद डब्यांवर टाकायचं कशाला? इंधन वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणारी अवजड वाहनं याच घाटात ब्रेक गमावतात आणि पुढच्या गाड्यांवर जातात. शेजारच्या रेल्वेने हा धडा फार आधी घेतला. १८६३ पासून चालू असलेल्या या ३७ ला १ चढाच्या मार्गावर उतरणाऱ्या गाड्या आजही ब्रेक तपासायला मध्ये थांबवल्या जातात, आणि सुटलेली गाडी चढावर वळवून थोपवायला वेगळे रूळ टाकलेले आहेत.

सुधारणेचा विषय निघाला की सगळे आधी डिस्कबद्दल बोलतात. मी क्रम वेगळा लावेन. जुन्या फियाटमध्ये मास्टर सिलिंडर एकपदरी असतो: एक दट्ट्या, एकच ऑइल, चारही चाकं त्यावर. एक होज फुटला की चारही चाकांचा ब्रेक गेला, हाती फक्त हँडब्रेक. अमेरिकेत १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात दुपदरी यंत्रणा सक्तीची झाली ती याचमुळे. एकाच नळीत एकामागे एक दोन दट्टे, पुढच्या चाकांना एक, मागच्यांना दुसरा. एक पदर गेला तर पेडल खोल जातं, पण निम्मी गाडी तरी धरते. माझ्या मते पहिला खर्च इथे व्हावा. त्याच्याबरोबर सगळे रबरी होज, गंजलेले पाइप आणि चाकांचे सिलिंडर. ओलं ऑइल वर्षानुवर्षं सिलिंडरच्या तळाशी साचून लोखंडाला खड्डे पाडतं. नुसतं किट बदलून ते भरत नाहीत, नवा कप महिन्याभरात कापला जातो. नवा सिलिंडर मिळत नसेल तर जुन्याला आतून पितळेचं किंवा स्टेनलेसचं स्लीव्ह बसवून घ्यावं.

त्यानंतर डिस्क. या गाडीच्या इटालियन बहिणीला, ११००-आरला, १९६६ मध्येच पुढे डिस्क मिळाल्या होत्या. कुर्ल्यात मात्र जुनाच साचा चालू राहिला. डिस्कचा फायदा नीट समजून घ्यावा. थंड, कोरड्या रस्त्यावर एकदाच करकचून थांबायचं असेल, तर चांगल्या स्थितीतला ड्रमही चाक धरू शकतो, आणि चाक धरण्याच्या पलीकडे गाडी थांबवतो तो टायर. अरुंद टायरची पकड डिस्क लावून वाढत नाही. डिस्क जिंकते ती दहाव्या आणि विसाव्या थांब्याला. ती उघड्यावर असते, वारा थेट लागतो. तापून जाड झाली तर पॅडच्या जवळ येते, लांब जात नाही. आणि पावसात साचलेल्या पाण्यातून गेल्यावर दोन चकरांत कोरडी होते. ड्रममध्ये पाणी शिरलं तर ब्रेकवर हलका पाय ठेवून बरंच अंतर चालवत ते वाळवावं लागतं.

डिस्कवर पॅड दाबणाऱ्या कॅलिपरमध्ये तर आणखी एक नवल आहे. तिथे शू मागे ओढणारी स्प्रिंग नसते. दट्ट्याभोवती चौकोनी काटाचं एक रबरी कडं असतं. दट्ट्या पुढे जाताना ते कडं न घसरता पीळ खातं. पाय काढला की पीळ सुटतो आणि दट्ट्या मिलिमीटरच्या छोट्याशा अंशाने मागे येतो. पॅड झिजलं की दट्ट्या कड्यातून थोडा पुढे घसरतो आणि पुन्हा तेवढाच मागे येतो. एका रबरी कड्याने मागे ओढणंही केलं आणि आयुष्यभराची सेटिंगही केली.

पण डिस्क सुटी आणून लावायची वस्तू नाही. तिला स्वयंमदत नाही, म्हणून जोर जास्त हवा. त्यासाठी दट्टे मोठे, मोठ्या दट्ट्यांना ऑइल जास्त, म्हणून मास्टर सिलिंडर मोठा, आणि मोठ्या सिलिंडरला दाबायला पाय पुरत नाही म्हणून बूस्टर. बूस्टर इंजिनाच्या ओढीवर चालतो, म्हणजे उतारावर इंजिन बंद करणं आता दुप्पट घातक. अनेक ड्रम ब्रेकच्या मास्टर सिलिंडरात थोडा दाब सतत धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो, कपांच्या कडेने हवा आत येऊ नये म्हणून. तोच सिलिंडर डिस्कला जोडला तर पॅड कायम घासत राहतात. आणि पुढच्या-मागच्या चाकांचा तोल तर सर्वांत नाजूक. जोरात ब्रेक लावला की वजन पुढे झुकतं. पद्मिनीची चाकं पुढे-मागे २,३४० मिलिमीटरवर आहेत. गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटरवर धरला, तर चांगल्या जोराच्या ब्रेकला सुमारे २०० किलो वजन मागून पुढे जातं, उतारावर आणखी थोडं. हलकी झालेली मागची चाकं आधी धरली तर गाडी गर्रकन फिरते. पुढची आधी धरली तर ती सरळ घसरते, वळत नाही, पण फिरतही नाही. दोन्ही वाईट, पण पहिलं फार वाईट. त्यामुळे मागे मोठे सिलिंडर लावून ‘दणकट ब्रेक’ करून देणाऱ्याला आधी हा तोल विचारा.

कागदपत्रांचंही पाहावं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलांपासून फारकत घेणारे बदल रोखतं, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम काटेकोर धरलं. पन्नास वर्षांपलीकडच्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये आलेल्या व्हिंटेज नियमांत सांगाडा, बॉडी आणि इंजिन मूळचं असण्यावर भर आहे. डिस्क बसवण्याआधी आरटीओत विचारून घेणं हे डिस्क विकत घेण्याआधीचं काम आहे.

शेवटी ब्रेकच्या पाइपांतली हवा काढणं. नवं ऑइल बंद डबीतलंच घ्यावं. उघडून ठेवलेला अर्धा डबा पुढच्या वर्षी वापरू नये, इंजिनाचं किंवा कुठलंही खनिज तेल एक थेंबही जाऊ देऊ नये, कारण त्याने रबरी कप फुगून अडकतात. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचं चाक आधी. आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत ते मागचं डावं. एक जण पेडलवर, एक जण चाकापाशी. “दाब... धर... सोड.” चाकाच्या सिलिंडरवरच्या निपलला लावलेल्या पारदर्शक नळीतून आधी चहाच्या रंगाचं जुनं ऑइल येतं, मग बुडबुडे, मग स्वच्छ पिवळसर ऑइल. प्रत्येक वेळी निपल बंद झाल्यावरच पाय उचलायचा, नाहीतर तीच हवा परत आत. चारही चाकं झाली की इंजिन बंद ठेवून पेडल पूर्ण जोराने दाबायचं आणि एक मिनिट तसंच धरून ठेवायचं. ते दगडासारखं जागेवर राहायला हवं. हळूहळू खाली बुडत असेल आणि गाडीखाली एकही थेंब दिसत नसेल, तर ऑइल मास्टर सिलिंडरच्या कपावरून आतल्या आत मागे जात आहे. सिलिंडर पुन्हा खोलायचा, आणि तोवर गाडी अंगणाबाहेर काढायची नाही.